वेताळाचं रान नेमकं कुठलं?

चित्रकथांतला वेताळ, म्हणजे मूळचा ‘फँटम’, आफ्रिकेत राहतो, हे आपण इतकं गृहीत धरून चालतो की त्यावर कुणी वाद घालत नाही. घनदाट अरण्य, कवटीच्या आकाराची गुहा, विषारी बाण मारणारे बुटके बांधव, रात्री रानभर निरोप पोचवणारे ढोल. हे सगळं आफ्रिकेत नाही तर कुठे असणार? पण १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात हा बुरखेधारी पहिल्यांदा अवतरला, तेव्हा आफ्रिकेचा तिथे मागमूसही नव्हता. त्याच्या पूर्वजाचं जहाज १५३६ साली समुद्री चाच्यांनी लुटलं आणि तो एकटा वाहत वाहत ज्या किनाऱ्याला लागला, तो किनारा बंगालचा होता. ज्या चाच्यांशी पुढे या घराण्याने पिढ्यान् पिढ्या वैर धरलं, त्यांच्या टोळीचं नाव ‘सिंग ब्रदरहूड’. त्याला जीवदान देणाऱ्या बुटक्यांच्या जमातीचं नाव ‘बंदर’. पुढे तो ज्या देशात राहतो असं दाखवत, त्या देशाचं नाव बराच काळ ‘बेंगाली’ होतं. एवढं सगळं वाचल्यावर कुठलाही शाळकरी पोरगा बोट ठेवून सांगेल की हा माणूस आपल्याकडचा आहे.

तरीही तो आपल्याकडचा राहिला नाही. तो आफ्रिकेत कसा गेला, जाताना इथलं काय काय सोबत घेऊन गेला, आणि मग पुन्हा मराठी नाव लावून नागपूर स्टेशनवरच्या पुस्तकांच्या ठेल्यावर कसा येऊन बसला, याची नीट गोळाबेरीज मराठीत फारशी कुणी केलेली नाही. वेताळावर लिहिणारे बहुतेकजण आपल्या बालपणावर लिहितात. त्यात वाईट काही नाही, पण वेताळाचं स्वतःचं बालपण जास्त मजेशीर आहे.

या पात्राचा जनक ली फॉक. जन्म १९११, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात. वेताळ सुरू झाला तेव्हा वय अवघं चोवीस. त्याआधी दोन वर्षं, म्हणजे जून १९३४ पासून, त्याचा जादूगार मँड्रेक वर्तमानपत्रात चालू झालेला होता. न्यूयॉर्कमध्ये संपादकांपुढे जाताना या पोराने स्वतःची ओळख जग पालथं घातलेला प्रवासी अशी करून दिली होती. खरं म्हणजे तोवर तो अमेरिकेच्या मधल्या पट्ट्याबाहेर कुठे गेलेलाच नव्हता. थाप पचली, पण पुढे कधीतरी उघडी पडेल या धास्तीने तो खरोखरीच जग हिंडायला लागला. वेताळाचा बंगाल हा त्या थापेच्या दिवसांतला. नकाशात न पाहता, गोष्टीच्या पुस्तकांतून उचललेला. म्हणून त्यात सिंग हे चाचे असतात, बंदर ही माणसांची जमात असते आणि बंगालच्या उपसागराला लागून पिग्मी राहतात. भूगोलाच्या मास्तरांनी या पोराला पट्ट्याने मारलं असतं.

फॉकचं पहिलं वेड नाटकाचं. आयुष्यभरात त्याने शेकडो नाटकांची निर्मिती केली, शंभराच्या आसपास दिग्दर्शित केली. हे लक्षात घेतलं की वेताळाच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. अंगाला चिकटून बसलेला पोशाख हा रंगमंचावरच्या रॉबिन हूडच्या तंग विजारीवरून आला. बुरख्यातून बुबुळं दिसत नाहीत, कारण ग्रीक पुतळ्यांचे डोळे बुबुळांविना कसे धाक बसवतात, हे फॉकच्या मनात होतं. (ग्रीकांनी पुतळे मुळात रंगवलेले असत, बुबुळांसकट, रंग उडाला तो नंतर. पण ही चूक जगातल्या पुढच्या अर्ध्या बुरखेधाऱ्यांना लाभली. बॅटमॅनचे पांढरे डोळे आठवा.) सुपरमॅन जून १९३८ चा आणि बॅटमॅन मे १९३९ चा. म्हणजे अंगाबरोबरचा पोशाख घालून वाईटाशी लढणाऱ्यांच्या रांगेत वेताळ या दोघांच्याही पुढे उभा आहे. गंमत अशी की सुपरमॅनसारखी कुठलीही अमानवी शक्ती त्याच्याकडे नाही. तो उडत नाही, त्याला गोळी लागते, त्याचा बाप मेलेला आहे आणि आजोबाही. तो न मरणारा वाटतो, एवढंच. कारण बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि बाहेरच्या जगाला पत्ता लागत नाही. आपण वाचतो तो एकविसावा.

आणि मुळात तो रानातला असणारच नव्हता. पहिल्या गोष्टीत वेताळाच्या प्रेयसीच्या, डायनाच्या अवतीभवती जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी, छानछोकी तरुण घोटाळत असतो. फॉकच्या डोक्यात होतं की हाच जिमी रात्री बुरखा चढवतो असा उलगडा शेवटी करायचा. गोष्ट चालू असतानाच त्याचा विचार बदलला. जिमी बिचारा तसाच लोंबकळत राहिला आणि बुरखेधारी चारशे वर्षांच्या घराण्याचा वारस होऊन रानात गेला. दिवसा धनाढ्य रिकामटेकडा आणि रात्री बुरखेधारी हा साचा पुढे दुसऱ्यांनी वापरला आणि गडगंज झाले.

पोशाखाच्या रंगाचीही अशीच कहाणी. फॉकला तो राखाडी हवा होता. रोजची चित्रपट्टी काळ्या-पांढऱ्यात असल्यामुळे प्रश्नच नव्हता. २८ मे १९३९ रोजी रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि छपाईत पोशाख जांभळा होऊन बाहेर आला. लेखक हतबल. शेवटी त्याने रानातल्या बोरांच्या रसात कापड रंगवल्याची गोष्ट रचून टाकली. स्वीडनमध्ये तोच पोशाख निळा छापला जातो, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. रानात लपून राहणाऱ्या माणसाला यांपैकी एकही रंग सोयीचा नाही, हा प्रश्न वाचकांना कधी पडत नाही.

आता रानाकडे येऊ. फॉकने आपल्यावर ज्यांचा प्रभाव पडला म्हणून सांगितलं, त्यांत आर्थर राजा आहे, एल सिद आहे, टारझन आहे आणि किपलिंगचा मोगली आहे. टारझनचं नाव सगळे घेतात. मोगलीपाशी मात्र आपण विदर्भातल्या लोकांनी जरा थांबायला हवं, कारण मोगलीचं रान आपल्या दारातलं आहे.

‘जंगल बुक’ १८९४ चं. त्यातला लांडग्यांचा कळप सिवनीच्या टेकड्यांत राहतो. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर करत जबलपूरच्या रस्त्याला लागलं की सव्वाशे-एक किलोमीटरवर सिवनी आहे. १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हापासून सिवनीचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच चालायचा, आणि १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत सिवनी आणि नागपूर एकाच राज्यात होते. मोगली ज्या नदीकाठी वावरतो, ती किपलिंगची ‘वैनगंगा’ आपलीच वैनगंगा. सिवनी जिल्ह्यात उगम पावून पुढे भंडारा, पवनी, गडचिरोलीकडे उतरणारी. पुस्तकात कान्हीवाड्याचं नाव येतं, तेही गाव त्याच जिल्ह्यात आहे. पेंचच्या रानाचा दक्षिणेकडचा भाग नागपूर जिल्ह्यात रामटेक-पारशिवनीकडे येतो. पलीकडच्या मध्य प्रदेशच्या बाजूला मोगलीच्या नावाचं अभयारण्यच करून टाकलेलं आहे. सिल्लारीच्या फाटकातून आत शिरणाऱ्या जिप्सीतल्या पाहुण्यांना गाइड हमखास सांगतो की मोगली इथलाच.

किपलिंगचा जन्म १८६५ सालचा, मुंबईतल्या जे. जे. स्कूलच्या आवारातला, वडील तिथे शिकवत. पण मोगलीच्या गोष्टी त्याने लिहिल्या त्या अमेरिकेत, व्हर्मॉन्टच्या बर्फात बसून. सिवनीचं रान त्याने उभं केलं ते बरंचसं रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या १८७७ च्या सातपुड्यावरच्या पुस्तकाच्या आधाराने. म्हणजे स्टर्नडेलने रान पाहिलं, किपलिंगने स्टर्नडेल वाचला आणि फॉकने किपलिंग. मोगलीच्या रानात बंदर-लोग असतात; झाडांवर राहणारी, कुणाचा कायदा न मानणारी माकडांची टोळी. वेताळाच्या रानात बंदर असतात. बाहेरच्या कुणालाही आत येऊ न देणारी बुटक्यांची जमात. मोगलीला लांडगीण वाढवते. वेताळाच्या सोबतीला असतो तो ‘डेव्हिल’ही लांडगाच, कुत्रा नव्हे; वेताळाला हे दर चार गोष्टींमागे कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. मोगलीला रानाचे नियम शिकवले जातात, वेताळ रानाच्या म्हणी सांगत फिरतो. हे सगळं फॉकने मोगली समोर ठेवून बसून उतरवलं असा माझा दावा नाही. पण ज्या रानाची हवा त्याच्या डोक्यात होती, तिच्यात मोह-तेंदूचा वास आहे असं मला वाटतं, आणि ते वाटणं नुसता नागपुरी अभिमान नाही.

एक पुरावा तर वेताळ आफ्रिकेत गेल्यावरही पुसता आला नाही. ईडन नावाचं त्याचं एक बेट आहे. तिथे हिंस्र जनावरं लहानपणापासून मासे खाऊन वाढलेली, म्हणून हरणांशेजारी सुखाने लोळतात. त्या जनावरांत सिंहाबरोबर वाघही आहेत. आफ्रिकेच्या रानात वाघ नसतो. सामान हलवताना बंगालमधला एखादा डबा तसाच राहून गेला असावा.

सामान हललं ते हळूहळू, एका दिवसात नाही. १९६० च्या दशकापर्यंत वेताळाचा देश आफ्रिकेच्या किनाऱ्याला घट्ट चिकटला. आफ्रिकेतले देश त्या सुमारास स्वतंत्र होत होते, आणि फॉकनेही आपल्या काल्पनिक देशाला गोऱ्या गव्हर्नरांऐवजी निवडून आलेला आफ्रिकी अध्यक्ष दिला, डॉक्टर लुआगा. राजधानी मॉरिसटाऊन होती, ती मवितान झाली. देशाचं नावही पुढे ‘बेंगाली’चं ‘बंगाला’ झालं. सिंग चाचे मात्र तसेच राहिले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पंजाबी आडनावाचे चाचे पिढ्यान् पिढ्या काय करत होते, हे विचारू नये.

भारतात वेताळ पहिल्यांदा वाचला गेला तो इंग्रजीत, १९४० च्या दशकात ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या पानांवर. पण मराठी घरात तो शिरला तो मार्च १९६४ पासून, इंद्रजाल कॉमिक्समुळे. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने काढलेलं हे प्रकाशन इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत निघायचं. किंमत साठ पैसे. या कामाशी सुरुवातीला जोडले गेलेले एक तरुण कर्मचारी म्हणजे अनंत पै. पुढे १९६७ साली त्यांनीच ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. म्हणजे आपल्या घरातल्या कृष्ण-शिवाजी-झाशीच्या राणीच्या चित्रकथांचा उमेदवारीचा काळ वेताळाच्या सावलीत गेला. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे. त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे मंडळी आली. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेली. आतल्या अमेरिकी चित्रांपेक्षा ती जास्त भडक आणि जास्त रसरशीत असत. त्या मुखपृष्ठांवरचा वेताळ खांद्याने आणि जबड्याने हिंदी सिनेमातल्या नायकाकडे झुकलेला आहे.

पहिला अंक होता वेताळाच्या पट्ट्याचा. विसाव्या वेताळाला, म्हणजे आपल्या नायकाच्या वडिलांना, एका चाच्याने दगा देऊन मारलेलं असतं आणि त्यांचा कवटीचा पट्टा पळवलेला असतो. मुलगा त्या पट्ट्याचा माग काढत खुन्यापर्यंत पोचतो. आता मूळ इंग्रजी पट्टीत या खुन्याचं नाव काय होतं? रामा. पाठीत सुरा खुपसणारा, प्रेताच्या कमरेचा पट्टा चोरणारा खलनायक, आणि नाव रामा. १९६४ साली मुंबईतून, भारतभरच्या पोराबाळांसाठी, पहिल्याच अंकात हे छापणं म्हणजे दुकान उघडायच्या दिवशीच शटर ओढून घेणं. इंद्रजालच्या संपादकांनी रामाचा ‘रामालू’ केला. सिंग चाच्यांचे ‘सिंगा’ चाचे झाले. आणि बेंगालीचा झाला ‘डेंकाली’.

माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत मजेचा भाग आहे. अमेरिकी लेखकाने ऐकीव भारतातून उचललेली नावं अमेरिकी वाचकाला परकी, म्हणून चटकदार होती. तीच नावं भारतीय वाचकापुढे आली तेव्हा अडचणीची ठरली, कारण इथे सिंग हे शेजाऱ्याचं आडनाव आहे आणि राम घरोघरी आहे. तेव्हा आपल्याच संपादकांनी वेताळाच्या अंगावरचा भारत एकेक अक्षर काढून खरवडला. नागपूर, पुणे, सोलापूरच्या पोरांनी डेंकाली हा देश नकाशात शोधला तो या खरवडण्यामुळे. ॲटलासच्या मागच्या सूचीत डेन्मार्कच्या आधी बोट फिरवून काही हाती लागायचं नाही. हे खरवडणं त्या काळी शहाणपणाचंच होतं, यात मला शंका नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की वेताळ मुळात कुठून निघाला, हे त्याच्या सर्वांत निष्ठावान भारतीय वाचकांनाच कळलं नाही.

भारत एका दाराने बाहेर घालवला आणि दुसऱ्याने तो आत आला, तो नावातून. बंगालीत या पात्राचं नाव ‘अरण्यदेव’ झालं. हिंदी-मराठीत वेताल-वेताळ. मराठी वाचकाला त्यात दोन वेताळ एकदम भेटत. एक चांदोबातला, विक्रमाच्या पाठीवर लोंबणारा, कोडं घालणारा आणि उत्तर मिळालं की पुन्हा झाडावर पळणारा. मराठी चांदोबा १९५२ पासून निघत होता, आणि शंकर यांनी काढलेलं ते विक्रम-वेताळाचं चित्र पिढ्यांच्या डोळ्यांत बसलेलं. दुसरा गावाबाहेरचा. महाराष्ट्रात आणि गोव्यात वेताळ हा नुसता भूतखेतांचा राजा नाही, तो राखणदार आहे, क्षेत्रपाळ आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीपासून काणकोणातल्या लोलये गावच्या दगडी बेताळापर्यंत त्याची ठाणी आहेत. तो रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो, अशी श्रद्धा. गोव्यात काही ठिकाणी त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात.

फॉकच्या नायकाला मूळ इंग्रजीत ‘चालणारं भूत’ म्हणतात. हिंदीत ‘चलता-फिरता प्रेत’. रानाच्या शिवेवर रात्री फिरणारा, पाहिला तर थरकाप उडावा पण चांगल्या माणसाला हात न लावणारा. सेंट लुईसच्या त्या पोराला वहाणा झिजवणारा बेताळ माहीत असणं शक्य नाही. इंद्रजालमध्ये हे नाव ज्याने कुणी सुचवलं, त्याला मात्र ते पक्कं माहीत असणार. कधी कधी भाषांतरकाराला मूळ लेखकापेक्षा पात्र जास्त कळलेलं असतं.

नागपुरात हा वेताळ दोन भाषांतून वाचला जायचा, आणि त्याचा थोडा वेगळा परिणाम व्हायचा. महालातल्या, धंतोलीतल्या मराठी घरात मराठी अंक यायचा. इतवारीतल्या मित्राकडे तोच अंक हिंदीत. अदलाबदल सर्रास. हिंदीत वेताळाच्या घोड्याचं नाव ‘तूफान’ आणि लांडग्याचं ‘शेरा’. लांडग्याचं नाव शेरा ठेवणाऱ्याची कमाल आहे, पण पोरांना तेच आवडायचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असायचा, दुपारी रस्ते ओस, घराघरांत कुलरची घरघर आणि वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास. त्या दुपारी करायचं काय, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे भाड्याने मिळणारी कॉमिक्स. गल्लीतल्या किराणा दुकानाच्या बाजूला दोरीवर चिमटे लावून टांगलेली, पाठीला जाड दोऱ्याने शिवलेली, पुठ्ठा चढवलेली. पान फाटलं तर दंड, आणि शेवटचं पान बहुधा आधीच गायब.

अंक आधी महिन्याला, मग पंधरवड्याला आणि १९८० च्या दशकात आठवड्याला निघू लागला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं तेव्हा शेवटच्या अंकाचा क्रमांक होता ८०५. प्रत्यक्षात अंक निघाले ८०३. छापखान्यातल्या संपामुळे १२३ आणि १२४ हे क्रमांक कधी छापलेच गेले नाहीत. जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांच्या जगात नवख्या माणसाची परीक्षा यावर होते: एखादा तुम्हाला १२३ नंबरचा अंक विकायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवायचं. या ८०३ मध्ये निम्म्याहून जास्त अंक वेताळाचे आहेत. इंद्रजालनंतर काही काळ डायमंड कॉमिक्सने वेताळ छापला, पण तोवर दोरीवर दुसरीच पुस्तकं टांगलेली होती.

बाहेरच्या जगातही वेताळाचं नशीब असंच तिरपागडं. जन्मभूमी अमेरिकेत तो कधी सुपरमॅनच्या पंक्तीला बसला नाही. १९९६ साली बिली झेनला घेऊन सिनेमा काढला, तोही पडला. पण ऑस्ट्रेलियात फ्रू नावाच्या प्रकाशनाने १९४८ पासून त्याचे अंक काढले ते आजतागायत. स्वीडनमध्ये १९५० पासून ‘फँटोमेन’ निघतं. तिथल्या लेखक-चित्रकारांनी वेताळाच्या इतक्या नव्या गोष्टी रचल्या की फॉकच्या गोष्टी त्यात अल्पसंख्य झाल्या.

सर्वांत विलक्षण प्रकार पापुआ न्यू गिनीतला. १९८० च्या दशकात तिथल्या डोंगराळ वाघी खोऱ्यात जमातींमधल्या लढाया पुन्हा पेटल्या. लढायला निघणाऱ्यांच्या पुरुषभर उंचीच्या ढालींवर परंपरेने नक्षी असायची. आता त्यांतल्या काहींवर रंगवलेला दिसू लागला वेताळ, पोशाख-बुरख्यासकट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ऑस्ट्रेलियातून तिकडे वेताळाच्या चित्रकथा जात होत्या. ज्याला मरण नाही, तो माणूस ढालीवर असेल तर बरं, हा हिशेब सरळ होता. अशा ढाली पुढे लंडनच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. कुठल्याही कॉमिक्सच्या नायकाला याहून मोठा मान मिळाला असेल असं मला वाटत नाही. त्याच्यावर भरवसा ठेवून माणसं खरोखरीच्या भाल्यांपुढे उभी राहिली.

आपल्याकडे मात्र त्याचं नाव मिळालं ते गोळीला. पांढरी, लाल टोकाची, पेपरमिंटच्या चवीची ‘फँटम’ सिगारेट ओठांत धरून धूर सोडल्याचा आव आणणारी पोरं प्रत्येक शाळेच्या फाटकाशी असत. मूळ वेताळ गुंडांनी भरलेल्या दारूच्या गुत्त्यात शिरतो आणि दूध मागवतो. हसणाऱ्याचा जबडा मग कवटीच्या अंगठीची खूण घेऊन फिरतो. ती खूण उजव्या हाताची. डाव्या हातातल्या अंगठीची खूण संरक्षणाची, ती मित्रांना.

हे सगळं प्रेमाने सांगून झाल्यावर एक हिशेब उरतो, आणि तो टाळता येत नाही. मोगली हा इथला पोरगा होता. काळासावळा, रानात वाढलेला. फॉकने रान ठेवलं आणि पोरगा बदलून त्या जागी इंग्लंडचा क्रिस्टोफर वॉकर बसवला. हजारो वर्षं रानात राहणाऱ्या बंदर, लोंगो, वाम्बेसी या जमातींना आपली भांडणं सोडवता येत नाहीत. ती सोडवायला बुरखा घातलेला गोरा माणूस लागतो, आणि एक नाही, बापाच्या मागून बेटा असे एकवीस. गुरान हा त्याचा जिवलग, शहाणासुरता माणूस. पण कवटीच्या सिंहासनावर बसतो तो वॉकर. फॉक उदारमतवादी होता, लोकशाहीच्या बाजूचा होता, गोष्टींतून हुकूमशहांची टिंगल करायचा. त्यामुळे मांडणीतला हा मूळ दोष कमी बोचतो, नाहीसा होत नाही.

विदर्भात बसून हे वाचताना तर तो अधिकच जाणवायला हवा होता. नागपूर शहराची मुहूर्तमेढ रोवली ती गोंड राजा बख्तबुलंद शाहाने. चांद्याच्या रानात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपुरात फाशी दिलं गेलं. रान, टोळी, गनिमी हल्ले, परक्यांशी वैर, कोवळ्या वयातलं मरण. कॉमिक्सला लागणारं सगळं त्या चरित्रात आहे. ते दोरीवर टांगलं गेलं नाही, आणि आम्ही डेंकालीच्या नकाशात रमलो. यात मुलांचा दोष नाही. पुरवठा जो होता, तो होता.

इंद्रजालला स्वतःलाच ही उणीव जाणवली असावी. डिसेंबर १९७६ मध्ये त्यांनी आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आणला: भगवा कुर्ता, खाली जीन्स, कामगिरी चंबळच्या डाकूंच्या मुलखात. रेखाटला होता त्याच गोविंद ब्राह्मणियांनी. पुढे १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ काढला आणि त्याचे सुरुवातीचे अंक चितारले ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी, ‘अमर चित्र कथे’त हात घोटलेल्या चित्रकाराने. हिरव्या कातडीचा, मनगटातून साप सोडणारा हा नायक नागपुरी पोरांनी हिंदीतून डोक्यावर घेतला आणि भाड्याच्या दोरीवरून वेताळ मागे सरकला. अतिरेक्यांचं हत्यार म्हणून घडवला गेलेला, गोरखनाथांनी सोडवलेला नागराज हा गुणवत्तेने वेताळाच्या तोडीचा आहे असं मी म्हणणार नाही; त्याच्या गोष्टी पसरट आहेत आणि संवाद कानठळ्या बसवणारे. पण त्याला आपलं घर कुठलं, हे तरी ठाऊक होतं.

ली फॉक मार्च १९९९ मध्ये गेला. त्रेसष्ट वर्षं ही कथा चालवून, शेवटच्या आजारातही लिहीत राहून. त्याच्या हयातीत वेताळाचं डायनाशी लग्न लागायला १९७७ साल उजाडलं. एक्केचाळीस वर्षं चाललेला हा साखरपुडा मराठी मालिकांनाही लाजवील. त्यांना जुळी झाली, किट आणि हेलोइज. आता पट्टी टोनी डिपॉल लिहितात. त्यांनी बाविसावा वेताळ होऊ घातलेल्या किटला शिक्षणासाठी पाठवलं, ते हिमालयातल्या एका मठात. वाचकांत मात्र चर्चा बहिणीची जास्त आहे. हेलोइज भावापेक्षा चलाख आहे, तडफदार आहे, आणि सतराव्या वेताळाच्या जुळ्या बहिणीने, ज्युलीने, भाऊ जायबंदी असताना तोच पोशाख चढवून काम निभावल्याचा दाखला खुद्द फॉकने लिहून ठेवलेला आहे.